दोन बोटं माया

शिवणाऱ्यांच्या भाषेत माया म्हणजे प्रेमबिम नव्हे. शिवणीच्या आतल्या बाजूला राखून ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. ती बाहेरून दिसत नाही. पण माणूस सुटला, खांदे भरले, कापड आटलं, की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. कपड्याला आणखी चार वर्षं आयुष्य मिळतं. माया न सोडता कापलेला कपडा पहिल्या दिवशी चोपून बसतो आणि दुसऱ्या धुण्याला बगलेत फाटतो. मास्तर हे कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला इतक्या वेळा ऐकवायची, की मास्तरची पाठ वळली की तिच्याच आवाजात या बोलण्याची नक्कल व्हायची.

मास्तर स्वतः बाईच. कापतो तो मास्तर, मग त्याला मिशा असोत की वेणी, असा त्या धंद्याचा रिवाज. वय चव्वेचाळीस. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "माप जुळलं नाही" म्हणून मोकळी व्हायची. थोरल्या विधवा बहिणीबरोबर, आक्काबरोबर, इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. कारखान्यात शाळांचे गणवेश, स्वयंपाक्यांचे डगले आणि दवाखान्यांसाठी डॉक्टरांचे पांढरे कोट शिवले जात. शिवायला चौदा बायका, कापायला एक मास्तर.

तिची कापायची रीत पाहण्यासारखी होती. कागदी साचा नेमक्या मापाचा असे. तो कापडाच्या आठ थरांवर ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा, आणि रेघेच्या बाहेर दोन बोटं अंतर राखून कात्री चालवायची. ही दोन बोटं साच्यावर नसत, कुठं लिहिलेलीही नसत. ती मास्तरच्या डाव्या हाताची पहिली दोन बोटं होती. ती रेघेला चिकटून पुढं सरकत आणि कात्री त्यांच्या कडेकडेनं चाले. बावीस वर्षं ती अशी कापत होती.

मग दोन वर्षांपूर्वी तिचं डोकं फिरलं. हे असंच सांगायला हवं, कारण ती स्वतः असंच सांगते. मांडणीवरचे कापडाचे ताके तिच्याशी बोलायला लागले. आधी एक, मग सगळे. ते शिव्या देत, धमक्या देत, आक्काला कोण मारणार आहे ते सांगत. नऊ दिवस मास्तर झोपली नाही. दहाव्या दिवशी तिनं घरातले पडदे आणि चादरी कापून आत कोण बोलतंय ते शोधलं, आणि आक्काला वाचवायचं म्हणून तिला स्वयंपाकघरात कोंडून बाहेरून कडी घातली. खालच्या इस्त्रीवाल्यानं घराचं दार फोडलं तेव्हा आक्का पाच तास आत होती. त्यानंतर तीन आठवडे मास्तर दवाखान्यात होती. तिथं तिला गोळी सुरू झाली, आणि दोन आठवड्यांत ताके गप्प झाले.

गोळीचं हे देणं मास्तर नाकारत नाही. घरी आल्यावर एकदा तिनं ती बंद करून पाहिली होती. बरं वाटतंय तर कशाला, असा सरळ हिशेब. महिनाभरात ती पुन्हा त्याच दवाखान्यात, त्याच खाटेवर. तेव्हापासून ताक्यांपेक्षा गोळी बरी, यावर तिनं स्वतःशीच शिक्कामोर्तब केलं.

पण गोळीनं ताके गप्प केले तसं बाकीचंही बरंच काही गप्प केलं. सकाळी जीभ चिंधीच्या बोळ्यासारखी तोंडात पडलेली असे आणि उशी लाळेनं भिजलेली असे. दुपारपर्यंत डोक्यात धुकं. भूक अशी लागे की जेवून हात धुताना पुन्हा भूक लागे. वजन चौदा किलोंनी वाढलं. मास्तरनं आपल्या सदऱ्यांच्या शिवणी उसवल्या, माया बाहेर काढली. पुन्हा उसवल्या, पुन्हा काढली. सहा महिन्यांत कपाटातल्या एकाही सदऱ्यात माया उरली नाही.

पायांना तर चळच लागला. बसलं की आतून कुणीतरी ढोसून उठवी, उठलं की चालवी, चाललं तरी सुटका नसे. बसथांब्यावर ती जागच्या जागी पावलं टाकत राही आणि लोक चार हात लांब उभे राहत. कारखान्यात काम उभ्याचं, म्हणून निभावलं. टेबलाशी ती सारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर जाई आणि बायका म्हणत, मास्तरची कवायत सुरू झाली. त्यातच हात थरथरायला लागला. काजं आणि बटणं करणारी एक तोंडाळ बाई होती, काजं करते म्हणून तिला सगळे काजू म्हणत. ती म्हणाली, "मास्तर, आजवर तुमचा हात कापड कापायचा, आता नुसताच कापतोय." सगळ्याजणी हसल्या. मास्तरला विनोद समजला, चांगला आहे हेही समजलं, फक्त हसू आलं नाही.

एका सकाळी सदऱ्यावर छातीशी दोन ओले डाग दिसले. दूध होतं. पाळी तर चार महिन्यांपूर्वीच थांबली होती, आणि ती वयामुळं असेल अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. पण दूध? मूल नाही, नवरा नाही, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी हे. सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडानं? तिनं सदऱ्यांना आतून कापडाची दुहेरी घडी शिवून टाकली आणि गप्प बसली.

या सगळ्यापेक्षा तिला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आक्का न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मास्तरनं सगळं रीतसर केलं. हात फळीला बांधला, गाडी बोलावली, दवाखान्यात रांगेत उभी राहिली. आक्का कळवळत होती, आणि मास्तर तिच्याकडं पाहत मनात म्हणत होती, आता मला वाईट वाटायला हवं. ते वाटलं नाही. जिनं तिला लहानाची मोठी केली तिच्या रडण्यानं तिच्या आत काहीसुद्धा हललं नाही. माझं मन मेलंय की काय, असं त्या दिवशी तिच्या मनात आलं, आणि या विचारानंही तिला रडू आलं नाही.

बाहेरच्या जगाचा मात्र यावर एकच शब्द होता: बरी. आता ती बरी आहे, असं आक्का शेजाऱ्यांना सांगे. बरी दिसतेस, असं मालकीण म्हणे. बऱ्या आहेत ना, असं डॉक्टर आक्काला विचारत. बरी म्हणजे काय, तर ओरडत नाही, पडदे कापत नाही, कुणाला कोंडत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मार खाणारी गप्प आहे म्हणून सगळे खूश.

अशातच चाळीस कोटांचं प्रकरण झालं. सकाळची वेळ, गोळी घेऊन दोन तास झालेले, डोक्यात धुकं. मास्तरनं आठ-आठ थर पाच वेळा कापले. साचा ठेवला, खडू फिरवला, आणि थरथरणारा हात कसाबसा सावरत कात्री थेट खडूच्या रेघेवरूनच नेली. दोन बोटं ठेवायची राहूनच गेली. चाळीसच्या चाळीस कोट बिनमायेचे निघाले. शिवणाऱ्या बायकांनी शिवणीपुरतं कापड आत घेतलं, कोट आणखी आखडले, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. अकरा कोटांना काजं पाडून झाल्यावर काजूनं बटणांच्या जागा बघायला एक कोट पुतळ्यावर चढवला, तर दोन्ही बाजू एकमेकींपर्यंत पोचेनात.

मालकीण रागावली नाही, हेच वाईट झालं. तिनं कोटांवरचे मोठ्या मापाचे बिल्ले काढून लहान मापाचे लावायला सांगितले आणि माल दवाखान्यांकडं पुढं ढकलला. मग मास्तरला बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाली, की तू काही दिवस धागे कापायला बस, आराम पडेल. महिनाअखेरीला मोठं काम येतंय, तोवर हात ठीक झाला तर टेबल तुझंच. नाही झाला तर दुसरा मास्तर बघावा लागेल.

धागे कापणं म्हणजे शिवून झालेल्या कपड्यांचे लोंबते दोरे छाटणं. नवशिक्या बाईचं काम, आणि बसून करायचं. ज्या पायांना बसणं म्हणजे शिक्षा, ते पाय घेऊन मास्तर आठ तास स्टुलावर बसायला लागली. दर पाच मिनिटांनी पाणी प्यायला उठे, आणि कुणी काही बोललं नाही तरी सगळ्यांचं लक्ष आहे हे तिला कळे. समोर तिचं टेबल रिकामं पडलेलं असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोळी गिळली नाही, जिभेखाली धरली. आक्का प्लास्टरमधला हात छातीशी धरून समोर उभी होती. रोजच्यासारखी म्हणाली, "जीभ वर कर." दोन वर्षं रोज हेच. मास्तर तिच्याकडं बघत राहिली. गोळी विरघळून कडू लागत होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तिला स्वयंपाकघराच्या दाराची कडी आठवली, आणि आतून पाच तास दार वाजवणारी आक्का. मास्तरनं गोळी गिळली. पाणी प्याली. मग म्हणाली:

"आक्का, तू माझ्यावर इतकं प्रेम करतेस, पण त्यात मायाच सोडली नाहीस. मला श्वाससुद्धा घेता येत नाही."

आक्काला आधी नीट कळलं नाही. कळलं तेव्हा ती फणकारून आत गेली आणि भांडी आपटायला लागली. एका हातानं जेवढी आपटता येतात तेवढी.

त्याच दिवशी मास्तरनं पांढऱ्या मांजरपाटाचा हातभर रुंद पट्टा घेतला आणि काळ्या दोऱ्यानं त्यावर धावदोरा घालायला लागली. धावदोरा म्हणजे वर-खाली, वर-खाली असा साधा सरळ टाका, शिवणकामातला पहिला धडा. दिवसाला तीन ओळी: एक उठल्यावर, एक गोळीनंतर दोन तासांनी, एक संध्याकाळी. रेघ आखायची नाही, उसवायचं नाही, जसा पडेल तसा टाका पडू द्यायचा. धागे कापता कापता तिनं ते कारखान्यातही केलं. काजूनं विचारलं, हे कुणाचं झबलं? मास्तर म्हणाली, माझी तक्रार आहे, लिहून घेते आहे.

सोळा दिवसांनी दवाखान्याची तारीख होती. डॉक्टर तिशीतला, पोरसवदा, सभ्य माणूस. त्याच्या दारात तीस जण बसलेले असत आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं येत. आत शिरल्याबरोबर नेहमीप्रमाणं त्यानं आक्काकडं पाहून विचारलं, की काय म्हणते त्यांची तब्येत, झोप होते ना? आक्कानं तोंड उघडलं.

"तब्येत माझी आहे," मास्तर म्हणाली. "मला विचारा."

आणि तिनं पट्टा त्याच्या कागदांवर अंथरला. हा माझा हात आहे, असं सांगितलं. पहाटेची ओळ बरी, संध्याकाळची त्याहून बरी, आणि मधली, कापायच्या वेळेची ओळ अशी की दारू पिऊन घातलेली वाटावी. सोळा दिवस, अठ्ठेचाळीस ओळी, एकही खोटी नाही. डॉक्टरनं वाकून पाहिलं. त्यालाही ते वाचता आलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. पण तोंडातून सवयीचंच आलं: थोडी थरथर असतेच, सवय होईल, मूळ आजार आटोक्यात आहे हे महत्त्वाचं. आणि तो मागच्या फळीवरून तिची फाइल घ्यायला वळला.

फाइल डोक्याच्या उंचीवर होती. कुणीही बसल्या बसल्या हात वर करून घेतली असती. हा उठला, खुर्ची सरकवली, कोपर अंगाला चिकटवून वाकडा झाला आणि बोटांच्या टोकांनी फाइल ओढली. मास्तरची नजर त्याच्या मुंढ्यावर गेली, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथं. मग बटणांवर गेली. मग कॉलरमागच्या, बदलून लावलेल्या बिल्ल्यावर. मेलेलं मन खडबडून जागं व्हावं तसं तिला झालं.

"डॉक्टर, जरा हात वर करा."

तो गोंधळला, पण त्यानं हात वर केला. खांद्याच्या वर गेलाच नाही. बगलेतली शिवण ताणली गेली.

"काचतो ना?"

"काचतो. पण कोटाचं काय?"

"हा मी कापलाय. अशा चाळीसांतला हा एक. तुमची गोळी घेऊन दोन तास झाले होते, आणि मी माया सोडायला विसरले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. काचतो, मग तुम्ही काय करता?"

"काय करणार?" तो जरा ओशाळला. "हात वर करत नाही."

"तेच," मास्तर म्हणाली. "मीसुद्धा दोन वर्षं हात वर करत नाही. आणि तुम्ही सगळे म्हणता, बरी आहे."

आक्का खाली बघत होती. मास्तरचे पाय टेबलाखाली नाचत होते, तिनं ते लपवले नाहीत. तिनं सांगितलं, की गोळी बंद करा म्हणायला मी आलेली नाही. बंद केल्यावर काय होतं ते मी भोगलंय, तुम्ही फक्त वाचलंय. पण तुम्ही माझं माप न घेता कापलंत. दोन वर्षांत एकदा तरी माप घ्या. आणि मग, आलीच आहे तर सगळंच, म्हणून तिनं दुधाचंही सांगितलं, आक्कासमोर, आवाज न पाडता. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरच्या आलं नाही, आणि तेही तिनं सांगितलं: हिचं मनगट मोडलं तेव्हा मला काही वाटलं नाही, हे तुमच्या कागदावर लिहा, सगळ्यात वर लिहा.

डॉक्टरनं पेन उघडलं आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. तीन मिनिटांची चाळीस झाली, बाहेर लोक कुरकुरायला लागले. हे सगळं गोळीनं होऊ शकतं, दूधसुद्धा, आणि हे मी आधीच विचारायला हवं होतं, असं तो म्हणाला. माणूस चूक कबूल करतो तेव्हा त्याच्यावर चिडून राहणं कठीण जातं, तरी मास्तर थोडा वेळ चिडलेलीच राहिली. त्यानं रक्त तपासायला सांगितलं. गोळी पायरी-पायरीनं कमी करायची, सकाळऐवजी संध्याकाळी जेवणानंतर घ्यायची, दर पंधरा दिवसांनी येऊन दाखवायचं, लागलं तर सावकाश दुसऱ्या गोळीवर जायचं. मनानं काही करायचं नाही. सगळं जाईल अशी खात्री त्यानं दिली नाही. घाई केली तर ताके परत बोलतील, असं तो तिच्याच शब्दांत म्हणाला. एक जरी कुजबुजला तरी त्याच दिवशी यायचं. निघताना मास्तरनं पर्समधून टेप काढली आणि त्याची छाती, खांदा, मुंढा मोजून घेतला. पट्टा घडी करून त्यानं फाइलमध्ये लावून घेतला.

घरी आक्कानं गोळ्यांची डबी मास्तरच्या हातात दिली. तू तुझी घे, म्हणाली. पहिल्या संध्याकाळी मास्तर पाणी घेऊन बसली तेव्हा आक्का दारात रेंगाळत होतीच. मास्तरनं डावा हात वर करून दोन बोटं दाखवली. आक्का दोन पावलं मागं सरकली, आणि मग चक्क शेजारी गप्पा मारायला निघून गेली.

महिनाअखेर आली. कारखान्यात कापडाचे गठ्ठे उतरले. दुसऱ्या मास्तरचा, यायला तयार असल्याचा निरोपही आलेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मालकिणीनं आठ थर घालायला लावले आणि मास्तरच्या हातात कात्री दिली. चौदा यंत्रं थांबली. मास्तरनं साचा ठेवला, खडू फिरवला. हात थरथरला. तिनं कात्री खाली ठेवली, पंजा दोनदा झटकला, पुन्हा उचलली. डोक्यात धुकं नव्हतं, एवढ्याची तिनं खात्री करून घेतली. डाव्या हाताची दोन बोटं रेघेला लावली आणि कात्री चालवली.

शांततेत काजूनं हुबेहूब तिच्या आवाजात म्हटलं, "माया सोडा गं बायांनो, माणूस काय आज आहे तेवढाच राहतो का?"

मास्तर हसली. जरा उशिरानं, दोन-तीन क्षण गेल्यावर, पण हसू पोटातून आलं आणि थांबेना. कात्री बाजूला ठेवून, टेबलाला धरून ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बायका घाबरून बघायला लागल्या, मग त्याही हसायला लागल्या. दोन वर्षांनी आलेलं ते पाणी तिनं पुसलं नाही. तशीच वाकून तिनं उरलेली कड कापली.

मालकिणीनं सगळ्यात खालचा थर काढला आणि टेप लावली. खांदा, मुंढा, बाजू. सगळीकडं दोन बोटं. तिनं टेप गुंडाळली.

"झालीस बाई एकदाची बरी," ती म्हणाली.

"बरीबिरी काही नाही," मास्तर म्हणाली. "भूक लागते, पाय नाचतात, संध्याकाळी गोळी आहेच. हातही अजून कापतोय."

मालकिणीचा चेहरा पडला. "म्हणजे?"

"दोन्ही अर्थांनी," मास्तर म्हणाली, आणि पुढचे थर घालायला सांगितले.